शेवटून मोजायला शिकवा

प्रात्यक्षिक परीक्षेच्या तोंडी चाचणीत ‘पॅरेन्‌कायमा’ म्हटले म्हणून एका मुलीला हसणाऱ्या परीक्षकांना मला एवढेच विचारायचे आहे: हा शब्द कसा म्हणायचा हे तिला कोणी, कधी, कुठल्या तासाला सांगितले होते? दहावीपर्यंत ती मराठीतून शिकली. अकरावीला सायन्स घेतले आणि एका सुट्टीत तिची सगळी परिभाषा बदलली. प्रकाशसंश्लेषणाचे फोटोसिंथेसिस झाले, ऊतींचे टिश्यू झाले. तोंडी चाचणीतला तो शब्द तिला फळ्यावर दिसला, नोट्समध्ये दिसला, प्रश्नपत्रिकेत दिसला. त्याचा उच्चार मात्र तिने स्वतःच्या अंदाजाने बसवला, कारण दुसरा मार्गच तिच्यासमोर ठेवलेला नव्हता. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, “मॅडम, उत्तर बरोबर होतं माझं.” उत्तर बरोबरच होते. पुढच्या प्रश्नांना मात्र तिने ‘येत नाही’ म्हणून सांगितले. येत होते, पण तोंड उघडायची हिंमत उरली नव्हती.

मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. विज्ञान शाखेची मुले निबंधाला घाबरत नाहीत, पत्रलेखनाला घाबरत नाहीत. ती घाबरतात पाच-सहा सिलॅबलांच्या शास्त्रीय शब्दांना, आणि त्या भीतीपायी वर्गात प्रश्न विचारणे सोडतात. शंका मनात असते, शब्द जिभेवर येत नाही, मूल खाली बसते. अशी गप्प बसलेली मुले मी दरवर्षी पाहते आणि दरवर्षी माझा संताप वाढतो. कारण या शब्दांमध्ये अवघड असे फार थोडे आहे. ते अवघड करून ठेवले आहेत आपल्या शिकवण्याने.

आधी त्या मुलीचा शब्द नीट सांगते. प-रेन्-कि-मा. चार सिलॅबल. आघात ‘रेन्’वर. ‘कि’ ऱ्हस्व, जेमतेम उमटणारा. अगदी तसेच क-लेन्-कि-मा आणि स्क्ल-रेन्-कि-मा. वनस्पतिशास्त्रातले तीन शब्द एका दमात सुटले आणि त्याला दोन मिनिटेही लागली नाहीत.

मग वर्षभर वर्गांत चालते तरी काय? पहिली गोष्ट, स्पेलिंगची घोकंपट्टी. पी, एच, ओ, टी, ओ, एस, वाय, एन... अख्खा वर्ग एका सुरात ओरडतो, खिडक्यांची तावदाने थरथरतात आणि शिक्षक समाधानाने पुढच्या शब्दाकडे वळतात. या ओरडण्यातून हाताला अक्षरे मिळतात, तोंडाला काहीही मिळत नाही. जो मुलगा हा शब्द न चुकता दहा वेळा लिहून दाखवतो, त्याला तो एकदा म्हणायला सांगा. अडखळतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. दहा वर्षे इंग्रजी शिकून दहावी झालेल्या मुलाला इंग्रजी शब्दात आघात नावाची वस्तू असते हे ठाऊक नसेल, तर त्या दहा वर्षांचा हिशेब कोणीतरी दिला पाहिजे.

दुसरी गोष्ट नव्या पद्धतीची म्हणून मिरवली जाते. सिलॅबलगणिक टाळी. ‘फो-टो-ग्रा-फी’, चार टाळ्या, चारही सारख्या जोराच्या. कृतियुक्त शिक्षण झाले, वहीत नोंद झाली. इथे तर मुलाला उघड चुकीचे शिकवले गेले. चार सारख्या टाळ्या ही मराठीची चाल आहे. आपण प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखा मान देतो, आणि आघात इकडचा तिकडे झाला म्हणून आपला शब्द दुसरा होत नाही. इंग्रजीत एक सिलॅबल उचलले जाते आणि शेजारची आक्रसतात, त्यांचे स्वर विरून नुसता ‘अ’ उरतो. ‘फोटोग्राफ’मध्ये आघात पहिल्या सिलॅबलवर. त्याचाच ‘फोटोग्राफर’ झाला की आघात दुसऱ्यावर सरकतो आणि शब्द फ-टॉग्-र-फर असा होतो: पहिल्या ‘फो’चा ‘फ’ झाला, ‘ग्रा’चा ‘ग्र’ झाला. ‘फोटोग्राफिक’मध्ये आघात तिसऱ्यावर, ‘ग्रॅ’वर. शब्दाचे कूळ एक, आघाताच्या जागा तीन. सारख्या टाळ्या वाजवून हे कोणत्या मुलाला कळणार आहे? टाळ्याच वाजवायच्या असतील तर एक मोठी वाजवा आणि बाकीच्या नुसत्या बोटांनी.

तिसरी गोष्ट शब्दकोशातल्या टिंबांची. हे प्रकरण मला जरा सविस्तर सांगायचे आहे, कारण या टिंबांवर विसंबून शिकवणारे शिक्षक स्वतःला अभ्यासू समजतात. अमेरिकन शब्दकोशांत मुख्य शब्द टिंबांनी तोडलेला असतो. शिक्षक ती टिंबे फळ्यावर उतरवतात आणि ‘हे पाहा सिलॅबल’ म्हणून सांगतात. ही टिंबे मुळात छापखान्यासाठी आहेत. ओळ संपत आली आणि शब्द मावला नाही तर तो कुठे तोडून पुढे जोडरेघ द्यावी, एवढेच ती सांगतात. मेरियम-वेबस्टरमध्ये ‘अनॅटमी’ हा शब्द काढून पाहा. टिंबांनी त्याचे तीनच तुकडे पडलेले दिसतील. बोलताना त्याची सिलॅबल चार आहेत: अ-नॅ-ट-मी. मग पहिले टिंब कुठे गेले? ओळीच्या शेवटी एकटे अक्षर सोडणे जुळारी वाईट समजतात, म्हणून तिथे तोडण्याची जागाच दाखवलेली नाही. मुलगा मात्र तीन तुकडे पाठ करतो आणि पहिल्या तुकड्यावर जोर देऊन ‘अ‍ॅनाटॉमी’ म्हणतो.

शब्द कुठे तोडावा यावर खुद्द इंग्रजी मुलखांतच एकमत नाही. नोआ वेबस्टरने १७८३ साली आपले स्पेलिंगचे पुस्तक काढले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘क्लस्टर’ हा शब्द ‘क्लु’पाशी आणि ‘हॅबिट’ हा ‘हा’पाशी तोडत. वेबस्टर म्हणाला, जसे बोलतो तसे तोडा: क्लस्-टर, हॅब्-इट. अमेरिकन छपाईचा कल तेव्हापासून उच्चाराकडे राहिला. ब्रिटिश परंपरा शब्दाच्या घडणीकडे पाहते आणि ‘फोटो’ एकसंध ठेवून मग तोडते. पुढे संगणक आले. स्टॅनफर्डमध्ये फ्रँकलिन लियांग याने १९८३ साली आपल्या प्रबंधात शब्द तोडण्याची जी रीत मांडली, ती टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत आजही वापरात आहे. ती रीत अक्षरांच्या क्रमावर चालते. उच्चार काय आणि आघात कुठे याचा तिला पत्ताही नसतो, आणि तिच्या कामासाठी तो लागतही नाही. जुळाऱ्याची सोय म्हणजे उच्चाराचा धडा, असे मानणाऱ्या शिक्षकाने शब्दकोशाची प्रस्तावना कधी उघडलेली नसते. त्याच शब्दकोशात टिंबांपुढेच उच्चार दिलेला असतो आणि आघाताच्या सिलॅबलआधी एक बारीकशी उभी रेघ असते. तिच्याकडे डोळा जात नाही.

चौथी खोड मूळ धातूंची. ‘फोटो म्हणजे प्रकाश, सिंथेसिस म्हणजे जोडणी’ असे फोडून सांगणे चांगलेच आहे. अर्थ त्यानेच कळतो आणि तो कळायलाच हवा. पण अर्थासाठी शब्द जिथे तुटतो तिथे तो उच्चारासाठी तुटतोच असे नाही. ‘हेलिकॉप्टर’ अर्थाने तुटतो ‘हेलिको’ आणि ‘प्टर’ असा: मळसूत्र आणि पंख. तोंडात तो हे-लि-कॉप्-टर असाच तुटतो. थर्मो म्हणजे उष्णता हे शिकलेला मुलगा ‘थर्मो-मीटर’ म्हणतो आणि इंग्रजी ऐकणारा बुचकळ्यात पडतो, कारण त्याच्या कानाला थर्-मॉ-मि-टर हवा असतो. या दोन तोडी वेगळ्या आहेत हे एका वाक्यात सांगता येते. ते वाक्य मी कुठल्या वर्गात ऐकलेले नाही.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहिते आहे त्या गोष्टीकडे येते. शास्त्रीय इंग्रजी शब्द बहुतेक ग्रीक-लॅटिन घडणीचे आहेत आणि त्यांचा आघात ठरतो शेपटीवरून. शब्द शेवटून मोजायचा असतो. आपण तो सुरुवातीपासून वाचतो, पहिल्या तीन सिलॅबलांत दम घालवतो आणि शेवटी पोहोचेपर्यंत अडकतो. लॅटिनचा जुना नियम असा: शेवटचे सिलॅबल सोडून द्या. शेवटून दुसरे पाहा. ते गुरू असेल तर आघात त्याच्यावर. ते लघू असेल तर आघात एक घर मागे, शेवटून तिसऱ्यावर. नियम संपला.

लघू-गुरू! ज्या भाषेत मुले माध्यमिक शाळेत वृत्ते शिकतात, भुजंगप्रयाताच्या ओळीवर लघू-गुरूच्या खुणा करून य, म, त, र, ज, भ, न, स असे गण पाडतात, त्या भाषेच्या मुलांना हा नियम परका नाही. दीर्घ स्वर गुरू, जोडाक्षराच्या आधीचे अक्षर गुरू, हे त्यांना पाठ आहे. माधव जूलियनांनी ‘छंदोरचना’सारखा ग्रंथ याच भाषेत लिहिला. इंग्लंडातल्या मुलाला सिलॅबलचे वजन म्हणजे काय हे मुद्दाम समजावून द्यावे लागते. आपल्या मुलाच्या हातात ते आधीच असते आणि आपण त्याला सांगतो, की मराठीचा तास वेगळा आणि सायन्सचा तास वेगळा. मराठीचे शिक्षक म्हणतात इंग्रजी आमचा विषय नाही, इंग्रजीचे म्हणतात वृत्ते आमचा विषय नाही, जीवशास्त्राचे म्हणतात उच्चार आमचा विषय नाही. या तिघांच्या मध्ये मुलगा उभा असतो आणि त्याची किल्ली त्याच्याच खिशात असल्याचे कोणी त्याला सांगत नाही.

चालवून पाहू. ‘अपेंडिसायटिस’: शेवटून दुसरे ‘साय’, गुरू, आघात तिथेच. ‘ब्राँकायटिस’, ‘हेपटायटिस’ तसेच. ‘ऑस्मोसिस’: शेवटून दुसरे ‘मो’, गुरू, आघात ‘मो’वर. ‘मायटोसिस’ तसाच. आता ‘हायपॉथसिस’: शेवटून दुसरे ‘थ’, लघू, म्हणून आघात मागे ‘पॉ’वर. ‘फोटोसिंथसिस’: ‘थ’ लघू, आघात ‘सिन्’वर. ‘इसॉफगस’: ‘फ’ लघू, आघात ‘सॉ’वर. ‘ऑस्मोसिस’ आणि ‘अनॅलिसिस’ दोन्ही शेवटी सारखेच ऐकू येतात, तरी एकात आघात शेवटून दुसऱ्यावर आणि एकात तिसऱ्यावर का? पहिल्यात तिथे ‘मो’ हा गुरू बसला आहे आणि दुसऱ्यात ‘लि’ हा लघू. अकरावीच्या मुलांना हे सांगितले की ती स्वतःच पुढचे शब्द काढू लागतात.

जोडाक्षराचीही गंमत बघण्यासारखी आहे. आपल्या वृत्तशास्त्रात एक सवलत आहे: जोडाक्षर असले तरी त्याचा आघात मागच्या अक्षरावर येत नसेल, तर ते मागचे अक्षर लघूच राहते. ‘तुझ्या’तला ‘तु’ लघू तो म्हणूनच. लॅटिनमध्येही ‘त्र’, ‘ब्र’, ‘प्ल’ अशा जोड्यांना जवळजवळ हीच सवलत आहे. म्हणून ‘व्हर्टिब्रा’मध्ये ‘ब्र’ असूनही ‘टि’ लघूच राहतो आणि आघात मागे ‘व्हर्’वर जातो. ‘जिऑमिट्री’त ‘ट्र’ असूनही ‘मि’ लघू, आघात ‘ऑ’वर. उलट ‘अजेंडा’त ‘जेन्’ हा ‘ड’ला टेकून गुरू होतो, आघात तिथेच थांबतो. देवनागरीत आपण ‘सि-स्ट-म’ असे लिहितो, जोडाक्षर पुढच्या अक्षरात घालतो. लिपीवरून तोडले तर सिलॅबल चुकते. गण पाडताना मात्र आपण त्या जोडाक्षराचे वजन मागच्या अक्षराला देतो, म्हणजे बरोबर सिस्-टम असेच तोडतो. लिपीने जे झाकले ते वृत्ताने उघडे ठेवले आहे.

काही शेपट्या तर मोजायच्याही लागत नाहीत, ओळखायच्या. ‘इक’ आली की आघात तिच्या लगेच आधी: अटॉमिक, मायक्रोस्कॉपिक, सायंटिफिक. ‘इटी’ आली की तिच्या आधी: रिलेटिव्हिटी, रेडिओअ‍ॅक्टिव्हिटी. ‘शन’ आली की तिच्या आधी. ‘लॉजी’, ‘ग्राफी’, ‘मेट्री’, ‘स्कोपी’ आल्या की शेवटून तिसऱ्यावर. एकच ‘इलेक्ट्र’ घ्या: इलेक्ट्रिकमध्ये ‘लेक्’, इलेक्ट्रिसिटीत ‘ट्रि’, इलेक्ट्रिफिकेशनमध्ये ‘के’, इलेक्ट्रॉलिसिसमध्ये ‘ट्रॉ’. डीऑक्सिरायबोन्यूक्लीइक हा आठ सिलॅबलांचा शब्द, ज्याच्यापुढे मुले हात टेकतात, शेवटून पाहिला तर काय आहे? ‘इक’ची शेपटी, आघात ‘क्ली’वर, झाले. उरलेल्यात ‘ऑक्’ आणि ‘राय’ यांवर थोडा थोडा जोर द्यायचा आणि बाकीची सिलॅबल सोडून द्यायची.

मुलांचा वेळ जातो कशात? गॅदरिंगमध्ये ‘इंग्रजीतला सर्वांत लांब शब्द’ म्हणून पंचेचाळीस अक्षरांचा ‘न्यूमोनोअल्ट्रा...’ पाठ म्हणवून घेण्यात. पालक टाळ्या वाजवतात. तो शब्द कुठल्या डॉक्टरच्या गरजेतून आलेला नाही. १९३५ साली अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीग या कोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो केवळ लांबीसाठी रचला. तो शब्द ज्या आजाराचे नाव म्हणून सांगतात, त्याला डॉक्टरांचा शब्द आहे सिलिकोसिस. पंचेचाळीस अक्षरे घडाघडा म्हणणाऱ्या त्याच मुलाला ‘सिलिकोसिस’मध्ये आघात ‘को’वर का, हे विचारा. शाळेने त्याला ते शिकवलेले नाही, कारण त्यावर टाळ्या पडत नाहीत.

आता मला सांगितले जाईल, की हे सगळे साहेबाचे लाड आहेत, आपले इंग्रजी आपल्या पद्धतीने बोलावे. साहेबासारखे बोलावे असे मी म्हटलेलेच नाही. ‘ट’ आणि ‘ड’ आपलेच राहू द्या, ‘व’ आपलाच राहू द्या. ‘न्यूट्रल अ‍ॅक्सेंट’च्या नावाखाली हजारो रुपये उकळून जीभ वळवायला लावणाऱ्या क्लासवाल्यांवर माझा राग आहेच, ते मुलाला त्याच्या आवाजाची लाज शिकवतात. आघात ही वेगळी गोष्ट आहे. तो चुकला की शब्दच ओळखू येत नाही. आर. के. बन्सल यांनी भारतीय इंग्रजी किती समजते याचा अभ्यास केला, तो १९६९ साली हैदराबादहून प्रसिद्ध झाला. ऐकणाऱ्याला न कळण्याच्या कारणांत चुकीच्या जागी पडलेला आघात हे त्यांना ठळकपणे दिसले. तेव्हापासून ही गोष्ट जाहीर आहे. वर्गात ती अजून पोहोचलेली नाही.

‘डायलिसिस’ घ्या. मराठीत तो आपलाच शब्द झाला आहे. आजी म्हणते, रिक्षावाला म्हणतो, आणि मराठी बोलताना तो तसाच म्हणावा. इंग्रजीत त्याची सिलॅबल चार आहेत: डाय-अ‍ॅ-लि-सिस, आणि आघात त्या ‘अ‍ॅ’वर आहे. आपण नेमके तेच गिळले, ज्याच्यावर सगळा शब्द उभा होता. परदेशी परिषदेत आपला डॉक्टर हा शब्द आपल्या पद्धतीने म्हणतो आणि समोरचा पुन्हा विचारतो, तेव्हा त्याच्या ज्ञानाबद्दल शंका घेतली जाते. हा अन्याय आहे, आणि त्याला दहा मिनिटांचा धडा पुरला असता. इंग्रजी माध्यमाच्या मुलांनी स्वतःला यातून वगळू नये. तीही हाच उच्चार करतात, फक्त मोठ्या आवाजात करतात.

अपवाद आहेत, मला ते लपवायचे नाहीत. ‘अरिथ्मेटिक’ नाम असताना ‘इक’ला जुमानत नाही, आघात ‘रिथ्’वर, विशेषण झाले की मुकाट नियमात येते. ‘आर्सेनिक’ पहिल्यावर. ‘मेटामॉर्फसिस’ ‘ऑस्मोसिस’च्या पंक्तीत बसत नाही. स्पेलिंगवरून स्वराचे लघू-गुरू दर वेळी कळत नाही, म्हणून काही शेपट्या पाठच कराव्या लागतात. पण अपवादांची भीती घालून नियम लपवणे हा आळस आहे. संस्कृतचे अपवाद मोजत बसलेल्या शिक्षकाने कधी संधी शिकवायचा सोडला का?

‘मीटर’च्या बाबतीत तर अपवाद वाटतो तोच नियम निघतो. यंत्र असेल तर ‘ऑमिटर’: थर्मॉमिटर, बॅरॉमिटर, हायग्रॉमिटर, स्पेक्ट्रोफोटॉमिटर. एकक असेल तर आघात पहिल्या सिलॅबलवर: सेंटिमीटर, मिलिमीटर, नॅनोमीटर. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत स्क्रूगेज हातात घेऊन मुलगा जेव्हा मायक्रोमीटर म्हणतो, तेव्हा तो यंत्राबद्दल बोलतो आहे की मापाबद्दल, हे आघातावरून कळते: यंत्र मायक्रॉमिटर, माप मायक्रोमीटर. व्होल्टमीटर आणि अ‍ॅमीटर या रांगेत येत नाहीत, कारण तिथे ‘मीटर’ हा स्वतंत्र इंग्रजी शब्दासारखा नुसता जोडलेला आहे. किलोमीटर दोन्ही तऱ्हांनी म्हणतात आणि त्यावर इंग्रजच आपसात भांडतात. ते भांडण त्यांना लखलाभ.

वेळ नाही, पोर्शन संपत नाही, हे कारण मी ऐकून घेणार नाही. एका तासिकेत हे होते, मी करते. आणि पाठ्यपुस्तके काढणाऱ्यांनी एवढे तरी करावे. मराठी माध्यमाच्या विज्ञानाच्या पुस्तकात मराठी संज्ञेशेजारी इंग्रजी संज्ञा छापलेली असते. त्या संज्ञेत ज्या सिलॅबलवर आघात आहे त्याच्या आधी एक उभी रेघ छापा. कागद वाढत नाही, पान वाढत नाही, शाईचा खर्च मोजण्याइतकाही नाही. आठवीच्या पुस्तकापासून सुरू करा, म्हणजे आज आठवीत असलेली मुले अकरावीच्या तोंडी परीक्षेला बसतील तेव्हा तीन वर्षे ती रेघ पाहून आलेली असतील.